अण्णांना निकाल सांगू नका

मंगळवारी सकाळी मी अण्णांसाठी वर्तमानपत्राला कात्री लावत बसले होते.

आमच्या घरात वर्षातले दोन आठवडे हे काम माझ्याकडे असायचं. सोनचाफा चित्रपट पुरस्कारांचा सोहळा मुंबईत एका शनिवारी होतो आणि टीव्हीवर दाखवतात तो त्यानंतर पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी. मधल्या काळात कुणाला काय मिळालं ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत असतं. अण्णांना नसायचं, कारण त्यांना ते नको असायचं. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी स्टँडवरच्या काचेच्या खोलीत माइकसमोर काढली, आणि गाडी फलाटाला लागल्याशिवाय ती आली अशी घोषणा एकदाही केली नाही. निवृत्त झाल्यावर हाच नियम त्यांनी चित्रपटसृष्टीला लावला. पुरस्कार टीव्हीवर दिला जाईपर्यंत तो दिलेला नाही. बातमी बिमी काही असो.

त्यामुळे या पंधरवड्यात जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत एक प्रकारची आचारसंहिता लागायची. जिन्यात कुणी निकालावर बोलायचं नाही. अण्णा दिसले की मोबाईलचा आवाज बंद करायचा. शेजारचे ईश्वरप्पाकाका स्वतःच्या घरातसुद्धा बातम्या खालच्या आवाजात लावायचे, कारण आमची भिंत एक होती. एवढं करून अण्णा बाहेर पडताना कानात कापसाचे बोळे घालून जायचे. परक्या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता.

"झालं का शुद्धीकरण?" आतल्या खोलीतून अण्णांनी विचारलं.

"पान सात पूर्ण गेलं. पान नऊचा अर्धा भाग."

"नऊवर काय होतं?"

"ते सांगितलं तर कापलं कशाला?"

"बरोबर आहे," असं म्हणून ते बाहेर आले आणि खिडकी पडलेलं वर्तमानपत्र उघडून बसले. त्या खिडकीतून समोर स्वयंपाकघरात आई भाकरी थापताना दिसत होती.

"अहो, वाचताय की बघताय?" आई म्हणाली.

"पेपरात काही राहिलंच नाही, मग बघतोय."

मग त्यांनी मला माझा अंदाज विचारला. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता कोण? मी 'दुपारची पाळी' मधल्या मुकादमाचं नाव घेतलं. अण्णा म्हणाले, "चूक. पण चांगली चूक आहे." 'तिसरी चावी' मधल्या सासऱ्यालाच मिळणार, आणि का मिळणार, हे त्यांनी मला आंघोळीचं पाणी निवेपर्यंत समजावून सांगितलं. संध्याकाळी ते मंडपवाल्याकडे जाऊन रविवारच्या खुर्च्या सांगून आले. सोहळ्याच्या दिवशी आमचा टीव्ही सोसायटीच्या पटांगणात यायचा, पिंपांवर फळी टाकून त्यावर बसायचा आणि प्रत्येक पुरस्काराआधी सगळे ओरडून आपापला अंदाज सांगायचे. रात्री त्यांनी भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, दही नको म्हणाले, आणि झोपले.

बुधवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले, त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

भेटायला येणाऱ्या माणसांनी काय बोलावं याचा आपल्याकडे एक ठरलेला मजकूर आहे. कसं झालं, वय काय होतं, फार चांगला माणूस. आमच्या घरी हा मजकूर कुणी म्हटला नाही. पहिले आले ते ईश्वरप्पाकाका. दारातच उभे राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, "अय्यो, ताई, निकाल न ऐकताच गेला की हो माणूस!"

यात काका मुद्दाम काही लागेल असं बोलले नव्हते. पण त्यांच्यामागून तळमजल्याच्या बाई आल्या, त्याही तेच म्हणाल्या. मंडपवाला खुर्च्यांचं काय करायचं विचारायला आला, तोही तेच म्हणाला. शिवशरण मास्तर आले. हे निवृत्त चित्रकला शिक्षक, अण्णांचे सिनेमातले एकमेव प्रतिस्पर्धी. दोघांनी एकमेकांचा एकही अंदाज कधी मान्य केला नव्हता. मास्तर अण्णांना नागनाथराव म्हणायचे. उठताना म्हणाले, "यंदा नागनाथराव हरणार होते. हरायचं टाळून गेले." एवढं बोलून ते जिन्यात जाऊन रडले. ते आम्हांला वरून ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "सगळे म्हणतायत त्यात तथ्य आहे. त्यांचा जीव त्या निकालात अडकलाय."

"आई, निकालात कुणाचा जीव अडकत नाही."

"तुला काय माहीत? कावळा शिवायचा नाही, बघ. आणि तो शिवल्याशिवाय मी पाणी पिणार नाही."

आईला साखर आहे. सकाळच्या गोळीनंतर वेळेवर खाल्लं नाही तर तिला घाम सुटतो, हात थरथरतात, आणि मागच्या वर्षी अशीच ती देवळाच्या पायरीवर बसली ती उठलीच नव्हती, रिक्षातून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तेव्हा हा प्रश्न श्रद्धेचा नव्हता. दहाव्याच्या दिवशी कावळा पिंडाला लवकर शिवला पाहिजे हे माझ्या दृष्टीने वैद्यकीय काम होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. मृत्यूवरची पुस्तकं कोणत्या कपाटात आहेत ते मला ठाऊक आहे आणि त्यातली बरीचशी मी वाचलीही आहेत. कावळ्याने वेळ पाळावी यासाठी काय करावं, याबद्दल त्यांतल्या एकाही लेखकाने काही लिहिलेलं नाही.

त्यामुळे सल्ला सोसायटीकडूनच घ्यावा लागला. संध्याकाळी आमच्या बैठकीत दोन पक्ष पडले.

"सोपं आहे की," ईश्वरप्पाकाका म्हणाले. "कावळ्यासमोर उभं राहायचं, निकाल वाचून दाखवायचा. ऐकला की मोकळा. आमच्यात कावळा नसतो, आमच्यात पुरतात, पण कॉमन सेन्स सगळ्यांत सारखाच."

"आयुष्यभर ज्याने कानात बोळे घातले त्याला मेल्यावर गाठून निकाल सांगायचा?" शिवशरण मास्तर उसळले. "हा विश्वासघात आहे. टीव्हीवर लागेपर्यंत थांबा."

"दहावा शुक्रवारी आहे मास्तर, कार्यक्रम रविवारी."

"मग दहावा पुढे ढकला."

"दहावा म्हणजे काय गॅदरिंग हाय व्हय?" हे येसूआत्या. अण्णांची थोरली बहीण, श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीतून आलेली. तेराव्यापर्यंत मुक्कामाला होती आणि कोपऱ्यात बसून सगळ्यांचं ऐकत होती. "न्हाय ढकलत तसलं काय. कार्यक्रमच अलीकडं घ्या म्हनावं त्या टीव्हीवाल्याला. दोन दिसाचा तर प्रश्न हाय."

सगळे हसतील असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. उलट ईश्वरप्पाकाका म्हणाले, "विचारायला काय जातंय, ताई? नाही म्हणतील. जास्तीत जास्त."

मी एम.ए. आहे. मी बाहेरच्या खोलीत माझ्या वडिलांच्या फोटोखाली बसून टीव्हीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला, हे मी आज लिहितेय तेव्हा मला खोटं वाटतं. पण आईने त्या दिवशी दुपारीही फक्त चहाच घेतला होता.

बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक तरुण आवाज आला. मी शांतपणे सांगितलं की वडील वारले आहेत, शुक्रवारी दहावा आहे आणि रविवारचा एक कार्यक्रम आधी बघण्याची काही सोय होईल का.

"मॅडम, सेट-टॉप बॉक्स बंद करून परत चालू केला का?"

"बॉक्स चांगला आहे. मला कार्यक्रमाबद्दल विचारायचंय."

"ओके मॅडम. कनेक्शन नागनाथ यांच्या नावावर दिसतंय. पडताळणीसाठी ग्राहक स्वतः लाइनवर येऊ शकतील का?"

"नाही. ते वारले."

"ओके मॅडम. कधीपर्यंत उपलब्ध होतील?"

मी पुन्हा म्हणाले, "वारले." बहुधा या खेपेला त्याला काही उमगलं असावं, कारण तो गडबडीने म्हणाला, "सॉरी मॅडम. मी नोंद करून घेतो." आणि त्याने नोंद केली. प्रामाणिकपणे केली. ग्राहक मृत, एवढीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा टीव्ही बंद पडला. कनेक्शन मृत व्यक्तीच्या नावावर असल्याने सेवा थांबवली आहे, वारसाच्या नावावर करण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र आणि मूळ ग्राहकाची सही द्यावी, असा संदेश आला. मूळ ग्राहकाची सही कशी द्यायची ते विचारायला मी पुन्हा फोन केला, तर बासरीच चालू राहिली. थोड्या वेळाने दुसरा संदेश आला. तुमची तक्रार सोडवली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

थोडक्यात, सोहळा दोन दिवस आधी आणायला गेले आणि होता तो रविवारही घालवून बसले.

याचा सर्वांत मोठा धक्का आत्याला बसला. दुखवट्याच्या घरात टीव्ही लावायचा नाही हे खरं, पण आत्या गेले काही दिवस दुपारी आवाज बंद करून आपली मालिका बघत होती. तिच्या मते आवाज नसेल तर तो टीव्ही धरत नाहीत.

"आता त्या पोरीच्या लग्नाचं काय व्हनार?" ती म्हणाली. मला वाटलं माझ्याबद्दल विचारतेय. मी म्हटलं, "आत्या, ते राहू द्या आता." तर ती म्हणाली, "राहू द्या कसं? हळद लागली हुती की तिला!" मग मला कळलं की ती मालिकेतल्या मुलीबद्दल बोलत होती. माझ्या लग्नाची आशा तिने कधीच सोडली होती.

शेवटी ईश्वरप्पाकाकांचा पक्ष जिंकला. दुसरा मार्गच उरला नव्हता. आत्याचा मुलगा सतीश हा चिंचोळीच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. त्याने रजा टाकली आणि निकाल मोबाईलवर घेऊन ठेवला. शिवशरण मास्तरांनी आपला निषेध तोंडी नोंदवला आणि तरीही आपण येणार असं सांगितलं, "कारण कुणीतरी नागनाथरावांच्या बाजूचं असायला हवं."

शुक्रवारी सकाळी आम्ही सीना नदीच्या काठावर गेलो. विधी मीच करणार होते. मला भाऊ नाही. गुरुजींनी त्याला हरकत घेतली नाही, फक्त मोबाईल सगळ्यांनी बंद ठेवावेत असं सांगितलं आणि स्वतःचा वाजला म्हणून बाजूला गेले. नदीत पाणी कमी होतं. ऊन सकाळपासूनच चटके देत होतं. आई छत्रीखाली सतरंजीवर बसली होती. गोळी घेतलेली, घोटभर पाण्याबरोबर, तेही माझ्याशी भांडून. पोटात काही नाही. मी पाण्याची बाटली, बिस्किटं आणि ग्लुकोज पिशवीत ठेवलं होतं आणि सगळा वेळ मंत्रांपेक्षा माझं लक्ष तिच्या हातांकडे होतं.

थोड्या अंतरावर कुंभारी गावचं एक कुटुंब त्यांच्या आजोबांचा दहावा करत होतं. त्यांनी पिंड ठेवला, मागे सरकले, आणि कावळा आला. अगदी सहज आला, शिवला, गेला. कुंभारीच्या मंडळींनी एकमेकांना हात जोडले आणि मग आमच्याकडे पाहिलं. पुरस्कार मिळालेला माणूस नामांकनावर समाधान मानाव्या लागलेल्याकडे बघतो ना, तसं पाहिलं. घरी जायचं सोडून ते तिथेच सावलीत बसले. आमचं काय होतंय ते त्यांना बघायचं होतं.

मी पिंड ठेवला. शेजारी भाकरी, शेंगाचटणी, कांदाभजी आणि कपभर चहा. आम्ही मागे सरकलो. बाभळीवर एक कावळा होता. त्याने मान वाकडी करून सगळं पाहिलं आणि पंखात चोच खुपसली.

आधी रीतीप्रमाणे आत्या पुढे झाली. "नागू, वयनीची काळजी करू नगंस. आमी हाय की. पोरीचंबी बगतो." कावळा हलला नाही. सतीश म्हणाला, "मामा, मामीला दर महिन्याला येऊन भेटत जाईन." कावळा हलला नाही. सतीशची बायको मागून हळूच म्हणाली, "आधी आपल्या घरी तरी वेळेवर येत जावा." तेव्हा कावळ्याने एकदा काव केलं, पण ते पुरेसं नव्हतं.

"वाचा की आता," ईश्वरप्पाकाका म्हणाले.

सतीशने मोबाईल काढला. खाकरला. पुरस्कारांच्या संकेतस्थळावर निकाल लहान पुरस्कारांपासून सुरू होत होता, त्यामुळे सीनेच्या काठावर, भर उन्हात, तो वेशभूषेपासून वाचू लागला. सर्वोत्कृष्ट वेशभूषा. सर्वोत्कृष्ट रंगभूषा. सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण, 'दुपारची पाळी'. आणि कावळा खाली आला. खरंच आला. वाळूवर उतरला, दोन उड्या मारत पिंडाच्या हातभर अंतरावर आला. ईश्वरप्पाकाकांनी माझं मनगट घट्ट धरलं. आई उठून गुडघ्यांवर बसली.

"सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता," सतीशचा आवाज आनंदाने चढला, "'दुपारची पाळी' मधला मुकादम!"

कावळा उडाला तो थेट नदीपलीकडे गेला.

शिवशरण मास्तर हळू आवाजात म्हणाले, "सांगत होतो मी."

"तो जोरात ओरडला म्हणून उडाला," ईश्वरप्पाकाका म्हणाले.

"ओरडला म्हणून नाही. अंदाज चुकला म्हणून. सासऱ्याला मिळणार म्हणून ते महिनाभर माझ्याशी भांडत होते."

माझा अंदाज बरोबर आला होता. त्याचा मला काहीच आनंद झाला नाही.

"मग माघार घ्या की," काका म्हणाले. "सतीश, सांग खोटं होतं म्हणून."

सतीश बिचारा नदीकडे तोंड करून उभा राहिला. तो कारखान्यात तीसेक माणसांवर हुकूम चालवतो. "मामा," तो ओरडला, "ते मी चेष्टेनं म्हटलं. निकाल अजून लागायचाय."

"लागलाय की," सावलीतून कुंभारीचा एक माणूस म्हणाला. "मी पेपरात वाचलंय. मुकादमच हाय."

"गप बसा हो!" आमचे सगळे एकदम ओरडले.

"आमी आपलं खरं ते सांगितलं," तो म्हणाला. "आनि मिळायला नगं हुतं त्याला. त्यो सासराच भारी हाय."

"बघा!" मास्तर म्हणाले. "कुंभारीच्या लोकांनासुद्धा कळतं."

"कुंभारीच्या लोकांनासुद्धा म्हंजी?" तो माणूस उठून उभा राहिला.

त्यानंतर जे झालं ते नीट क्रमाने सांगणं कठीण आहे. मास्तरांनी क्षमा मागितली. क्षमा मागता मागता त्यांनी 'तिसरी चावी' चा शेवट कसा फसला आहे ते सांगितलं. कुंभारीच्या एका बाईंना तो शेवट फार आवडला होता. ईश्वरप्पाकाका म्हणाले, रविवारसारखंच करू या, एकेक पुरस्कार घेऊ आणि सगळे अंदाज सांगू, म्हणजे नागनाथरावांना वाटेल निकाल खरोखरच लागायचा आहे. मग दोन्ही कुटुंबं वाळूत बसून अंदाज ओरडू लागली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीवरून आत्याचं आणि त्या बाईंचं जुंपलं. आत्याने त्यातला एकही सिनेमा पाहिला नव्हता, पण तिचं म्हणणं होतं की जिला हळद लावून मधेच सोडली तिला मिळालं पाहिजे. ती मालिकेतली आहे हे तिला कुणीतरी सांगितलं. "मग काय झालं? रडती किती चांगलं!" आत्या म्हणाली.

या गोंधळात पुन्हा फोनवर पाठमोरे उभे असलेले गुरुजी बोलणं संपवून वळले आणि म्हणाले, "झालं की! शिवला."

आम्ही सगळे वळलो. भजी गायब होती. पिंडाची एक बाजू ढासळलेली होती. पलीकडे एक पिवळं कुत्रं तोंड चाटत चाललं होतं.

"कावळाच होता," गुरुजी म्हणाले. "मी पाहिला."

"तुम्ही तर फोनवर होता."

"शास्त्रात साक्षीदार लागत नाही." त्यांना पुढे आणखी एक ठिकाण होतं. आईकडे बघून ते जरा नरमले. "हे बघा, वहिनी, तसंच वाटत असेल तर दर्भाचा कावळा करून लावू या. तो चालतो. शहरात हल्ली कित्येक ठिकाणी तोच करतात."

"गवताचा कावळा नको," आई म्हणाली.

तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मी पिशवीतून बाटली काढून तिच्यापुढे धरली. तिने ती हाताने बाजूला सारली आणि तो हात थरथरताना मला दिसला.

"आई, पुरे आता. बिस्किट तरी खा."

"नाही."

"तुला काही झालं तर मी काय करू, सांग ना. तू आता हट्ट करू नकोस."

"सगळे बोलले," ती म्हणाली. "आत्या बोलल्या, सतीश बोलला. ती कुंभारीची माणसं, ज्यांना तू ओळखत नाहीस, तीसुद्धा बोलली. पिंड तू ठेवलास आणि तू एक शब्द बोलली नाहीस. दहा दिवस झाले, बोलली नाहीस. फोन करतेस, भांडी घासतेस, माझ्या गोळ्या काढून देतेस."

"काय बोलू?"

"मला काय माहीत? तुझं तू."

"मी मनात बोलते."

"मनातलं त्यांना कधी कळलंय? जन्मभर माइकवर बोललेला माणूस तो. मोठ्याने बोल."

नदीपलीकडे दोन-तीन कावळे होते. त्यातला आमचा कोणता ते मला ओळखता आलं नसतं. मी वाळूतून पिंडापर्यंत गेले आणि उभी राहिले. मागे सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकावर वाद चालू होता. इतक्या लोकांसमोर माझा आवाज निघत नाही. ग्रंथालयात आवाज न काढण्याचाच मला पगार मिळतो.

"अण्णा," मी म्हणाले.

"ऐकू येत नाही," आई मागून म्हणाली.

"अण्णा, मला सिनेमा आवडत नाही."

मागचा वाद थांबला. "काय?" असं शिवशरण मास्तर म्हणाले आणि कुणीतरी त्यांना गप्प केलं.

"कधीच आवडला नाही. तुम्ही मला पहिल्यांदा नेलंत तेव्हाही नाही. अंधारात बसून मला कंटाळा येतो. पडद्यावर काय चाललंय ते मी बघतच नव्हते, मी तुमच्याकडे बघायचे. तुम्ही हसलात की हसायचे. माझे अंदाज चुकायचे, कारण त्यातला एकही सिनेमा मी धड पाहिलेला नसायचा. यंदा मुकादमाचं नाव मी पेपरातून घेतलं होतं, जो कापला त्यातून. थिएटरातून घरी येताना तुम्ही सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायचात. तेवढ्यासाठी मी यायचे."

मागे बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. आई पाणी पीत होती. घोट घेत होती, थांबत होती, पुन्हा घेत होती. कावळा आला की नाही तेही मला माहीत नाही, मी तिकडे बघत नव्हते.

"एरवी आपण काय बोलायचो? गॅस लावला का, दूध घेतलं का, तुमची गोळी संपली का. मला दुसरं काही विचारता यायचं नाही आणि तुम्हांला दुसरं काही सांगता यायचं नाही. म्हणून मी दर वर्षी विचारायचे, यंदा कुणाला मिळेल. कुणालाही मिळू दे, अण्णा. मला निकालाशी काही घेणं नव्हतं. मला तुमच्याशी बोलायचं होतं. अजून बोलायचंय."